वर राहिलेला माणूस

१

छप्पर घालणारे ठेकेदार मी पुष्कळ पाहिले. काम चालू असेपर्यंत काका, काका. शेवटचा खिळा ठोकला की काका मेले. नंतर फोन लावत बसा, तिकडून एक बाई सांगते की हा माणूस व्यस्त आहे. मी चौथी नापास. सायकली दुरुस्त करण्यात हाडं झिजवली. पण एवढं मला कळतं, की ज्यानं नट आवळला त्यानंच तो सैल झाला तर परत आवळायला यायचं असतं.

घर मी स्वतः बांधून घेतलं. तीन खोल्या एकामागं एक, पुढं ओटा. वर कौलं, कौलांखाली वासे. मधल्या खोलीत वाशांच्या खाली फळ्या ठोकून तक्तपोशी केलेली, म्हणजे उन्हाळ्यात डोकं तापू नये. त्या तक्तपोशीखाली बायकोचा पलंग. ती तिथं झोपते म्हणण्यात अर्थ नाही, ती तिथंच असते. दम्यानं तिला पार खाल्लंय. पंक्चर शोधताना ट्यूब कानाशी धरली की बारीक सूं ऐकू येतं ना, तसा तिचा श्वास वाजतो. इतकी वर्षं ऐकतोय की तो आवाज नसला तर घड्याळ बंद पडल्यासारखं वाटेल.

सकाळी उठायचं, तक्तपोशीवर ओलीचा डाग कुठवर आलाय ते बघायचं, चहा टाकायचा, तिला उशांना टेकवून बसवायचं. मग चिरंजिवांचा फोन. तो दुसऱ्या शहरात पाचव्या मजल्यावर राहतो आणि तिथून मला अक्कल शिकवतो.

"बाबा, पावसाळ्याआधी छप्पर झालं नाही तर मी आईला घेऊन जाणार. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? अजून एक पावसाळा त्या ओलीत काढला तर..."

"तर काय?"

"तर काय ते तुम्हाला माहितीये."

"आणि मी?"

"तुम्हीही चला."

"तुझ्या त्या खुराड्यात? तिथं माणसानं पाय पसरले तर शेजाऱ्याच्या पोटात जातात."

"मग राहा तिथंच. आई मात्र येणार."

फोन ठेवला. पलंगावरून ती म्हणाली, "कशाला तोडून बोलता पोराला?" मी म्हटलं, "तू गप." ती गप बसली नाही, कधीच बसलेली नाही, आणि तेच तर आहे. ती गेली तर मी भांडायचं कुणाशी? भिंतीशी?

२

माझी निवडायची रीत सरळ होती. ठेकेदार आला की म्हणायचं, तू घातलेलं छप्पर दाखव. बाहेरून नाही. आत ने, बसव. बाहेरून सगळीच छप्परं गोजिरी दिसतात. आत बसून वर बघितलं की उजेड कुठून झिरपतो ते कळतं. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येणार.

पहिल्यानं मोबाईलवर फोटो दाखवले. मी म्हटलं, फोटोखाली झोपू का? दुसरा सख्ख्या मेहुण्याकडे घेऊन गेला. मेहुणा पुढच्या खोलीत तारीफ करत होता आणि मागं त्याची बायको पायानं बादली सरकवत होती. तिसऱ्याचं काम बरं होतं, पण त्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकानं तेच सांगितलं. काम चांगलं, माणूस परत दिसला नाही.

शेजारचा शिंपी ओट्यावर मशीन टाकून बसलेला असतो. जाता-येता त्याच्या तोफखान्यासमोरून जावं लागतं.

"काय सायकलवाले, छप्पर बघताय का मुलगी? इतकी स्थळं बघितलीत, एकही पसंत नाही?"

"तू तुझ्या काजा-बटणांकडे बघ."

"मुलगी नाकारून नाकारून म्हातारी होईल हो."

मग एक मिस्त्री आपणहून फाटकाशी आला. किरकोळ अंगाचा, पांढरा शर्ट. "तुम्ही छप्पर बघत हिंडताय असं कळलं." त्याचे हात स्वच्छ होते. छपराच्या माणसाचे हात इतके स्वच्छ नसतात, ते मी त्याच वेळी बघितलं होतं. पण जो तो मला घाणेरड्या हातांनी फसवून गेलेला, म्हटलं बदल म्हणून हा बघू.

त्यानं मला एका घरी नेलं आणि स्वतः बाहेर थांबला. तेही मला आवडलं. घरात एक चाळिशीची बाई होती आणि तिची सासू. सासू पलंगावर डोळे मिटून पडलेली. छप्पर असं, की मी मान दुखेपर्यंत शोधलं, सुईएवढा उजेड नाही. रस्त्यावरचा गोंगाटसुद्धा दारात थबकल्यासारखा.

"गळत नाही?" मी विचारलं.

बाईनं आधी वर बघितलं. मोठ्यांची परवानगी घ्यावी तसं. मग म्हणाली, "नाही."

"काही झालं तर हा येतो का? बोलावलं तर?"

परत वर बघितलं. "बोलवायची वेळच येत नाही काका. यांचा माणूस असतोच."

"जवळच राहतो वाटतं?"

"हो. जवळच."

"तुमचे मालक कुठं असतात?"

"कामावर," ती म्हणाली. कधी येतात विचारलं तर नुसती वर बघत राहिली. मी म्हटलं, असेल नवरा-बायकोचं काही, आपल्याला काय करायचंय. निघताना मीही सहज वर बघितलं. सासूच्या पलंगाच्या वर तक्तपोशीच्या फळ्या थोड्या खाली आल्या होत्या. बाजेवर माणूस झोपला की बाज खालून जशी दिसते, तशा. मी मनात म्हटलं, लाकूड कच्चं वापरलेलं दिसतं. एवढीच खोट सापडली, आणि एवढ्याशा खोटीसाठी कुणी चांगला माणूस सोडतो का?

३

मिस्त्री म्हणाला, "काम ठरलं तर गॅरंटीचा कागद करून देतो."

"कागद बंब पेटवायला बरा. छप्पर गळलं तर कागद वर चढणार आहे का? मला कागद नको. मला माणूस पाहिजे."

तोवर तो पन्हळीकडे बघत होता. आता त्यानं माझ्याकडे बघितलं. "माणूस ठेवला तर चालेल?"

"धावेल. तुझा माणूस माझ्या हाताशी असला, मग तू पळून जाशील कुठं?"

"मालक, तुम्ही मागितलात म्हणून. आम्ही आपणहून कुणावर लादत नाही."

आपण कसं कोंडीत पकडलं म्हणून मी खूश. शिंप्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, "जावई करून घेतलात की काय?"

मग मिस्त्री आत आला. बायकोला नमस्कार केला. तिच्या पलंगाशेजारी सरळ जमिनीवर उताणा झोपला, तोंड तक्तपोशीकडे. बराच वेळ तसाच. तिच्या श्वासाबरोबर त्याची छाती वरखाली व्हायला लागली तेव्हा मी खाकरलो. तो उठला, खडूनं एका फळीवर खूण केली, आणि विचारलं, "बाई कायम इथंच झोपतात ना? पलंग हलवायचा नाही आता."

त्याची माणसं आली, ती सगळी तोंडात खिळे धरून. छपरावरचा माणूस खिळे ओठांत धरतो, त्यात नवल नाही. पण हे खाली येतानाही तसेच, पाणी दिलं तर मान हलवून नको म्हणत. एकाचाही आवाज मी ऐकला नाही. काम मात्र नजर लागावी असं. कौलं उतरवली, किडके वासे बदलले, पत्रे चढवले, सांधे बुजवले. हातोडीसुद्धा कशी, कुठं ठणका नाही, दारावर कुणी बोटानं टकटक करावं तशी.

शेवटच्या दिवशी मी चहा केला. माणसं मोजूनच केला, चढली तेवढ्यांचा. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी घेतला, खिळे खिशात टाकून, भिंतीकडे तोंड करून. एक पेला उरला.

"एकजण राहिला," मी म्हटलं.

"हो," मिस्त्री म्हणाला. त्यांनी शिडी काढली, टेम्पोत टाकली आणि गेले. मी मागं जाऊन पत्र्यावर बघितलं, पुढून बघितलं. कुणी नव्हतं. पेल्यातल्या चहावर साय धरली. मग तो मीच प्यायलो. फुकट कशाला घालवा?

४

पाऊस आला, गेला, परत आला. एक थेंब गळला नाही. तक्तपोशी सुकून कुरकुरीत झाली. आणि बायको सुधारली.

आधी उशांशिवाय झोपायला लागली. मग उठून भाजी चिरायला बसली. चिरंजिवांना फोनवर म्हणाली, "तुझ्या बाबांनी छप्पर चांगलं करून घेतलं हो." त्यालाही मान्य करावं लागलं, बाबा, काम बरं झालंय म्हणून. त्या दिवशी मी शिंप्याच्या ओट्यावर तासभर छाती काढून बसलो. कुणाची माय व्याली होती आता तिला न्यायला!

पण मला दुपारची झोप येईना. जेवून मी खाली सतरंजी टाकतो, ती पलंगावर. पडलो की काहीतरी चुकल्यासारखं. मग लक्षात आलं, तिचा श्वास वाजत नाही. मी उठून तिच्या तोंडाशी कान नेला. पंक्चर काढल्यासारखी शांत. सूं नाही, काही नाही. छाती तेवढी हलत होती.

चांगलं झालं म्हणून परत आडवा झालो. आणि मग सूं ऐकू आलं.

वरून.

मी उठलो तसं थांबलं. आडवा झालो, परत सुरू. बारीक, ओढून ओढून, शेवटी एक आचका. तो आचका मी हजार बायकांतून ओळखीन.

मी काही घाबरट नाही. पत्रे उन्हानं तापतात, ताणतात, आवाज होणारच. वाऱ्याला कुठं फट सापडली असेल. मांजर असेल. फट असती तर पाणी आलं असतं, हेही मीच मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शिंप्याला आणून बसवलं. त्यानं तोंडातली टाचणी काढली आणि ऐकलं.

"कबुतर," तो म्हणाला.

"कबुतराला दमा असतो?"

"तुमच्या घरातल्या कबुतराला असेल." हसला, पण चहा न पिता गेला. त्याच्या आयुष्यात त्यानं माझ्याकडचा चहा सोडलेला नाही.

बायको पलंगावर बसून शेंगा सोलत होती. तिनं आधी वर बघितलं, मग माझ्याकडे. "कशाला माणसं आणून बसवता? त्याला त्रास होतो."

"कुणाला?"

"ऐकू येतंय की तुम्हाला."

खडूची खूण होती ती फळी खाली आली होती. शेजारच्या दोन्हीही. मी खुर्चीवर चढून हात लावला. लाकूड कोमट होतं, ज्वर उतरलेल्या पोराच्या पाठीसारखं. मी हात काढला, खुर्ची जागेवर ठेवली, आणि दुकान बंद करून इतकी वर्षं झाली तरी म्हटलं, दुकानात जाऊन येतो.

५

चिरंजीव रजा काढून आला. आई उठून बसते बघून त्याचे डोळे भरले. डॉक्टरला घरी बोलावलं. डॉक्टरनं नळी लावली, इकडं लावली, तिकडं लावली, नळी झटकून परत लावली. "छाती साफ आहे. काहीच ऐकू येत नाही," म्हणाला. आणि मग नळी गळ्यात अडकवून, "छातीचा फोटो काढून घेऊ. दवाखान्यात आणा."

पोरानं रिक्षा फाटकाशी लावली. ती लुगडं बदलून स्वतःच्या पायांनी निघाली. दारात थांबली.

"नको रे. मी घरातच बरी आहे."

"आई, अर्ध्या तासाचं काम आहे."

तो एका बाजूनं, मी दुसऱ्या. ओट्यापर्यंत नीट आली. ओट्यावर पत्रा आहे. ओटा उतरून अंगणात पाय ठेवला, उघड्यावर, आणि ती थांबली. पडली नाही, धापा टाकल्या नाहीत. फक्त छाती हलायची थांबली. तोंड उघडं, डोळे माझ्याकडे, ओठ निळे पडत चाललेले, आणि आवाज म्हणून नाही. घरात मात्र, मागं, वर, कुणीतरी पाण्यात बुडाल्यासारखं श्वास ओढत होतं. धप् धप् फळ्या वाजत होत्या.

मी तिला उचलली. या वयात कशी उचलली ते मला विचारू नका. आत आणली तशी छाती हलली.

पोरगा पांढराफटक. "तुम्ही तिला घरात कोंडून कोंडून ही अवस्था केलीत! रविवारी मी अॅम्ब्युलन्स घेऊन येतो. ऑक्सिजन लावूनच नेतो. आता मी तुमचं काही ऐकणार नाही."

"फाटकाबाहेर ती जगायची नाही."

"हे तुम्ही मला नाही सांगायचं, बाबा! छप्पर, छप्पर, छप्पर! माणसापेक्षा छप्पर मोठं झालं तुम्हाला."

काय सांगणार त्याला? मी मागितला होता माणूस, मिस्त्रीनं दिला? तो शिकलेला आहे. मलाच दवाखान्यात नेला असता.

तो गेल्यावर मिस्त्रीला फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला. आयुष्यात पहिल्यांदा एका ठेकेदारानं फोन उचलला, आणि मला वाटलं, नसता उचलला तर बरं झालं असतं.

"तुझा माणूस घेऊन जा," मी म्हटलं.

"नेतो की. आज येऊ?" मग आठवल्यासारखं, "बाईंना विचारलंत?"

मी पलंगाकडे बघितलं.

"तसाही तो दमलाय, मालक. दोघांचा भार एकट्यानं कुठवर ओढायचा? आमचा माणूस आम्ही सुरुवातीला देतो. पुढं घरचं कुणीतरी लागतं. सगळीकडे तसंच आहे." त्याच्या आवाजात ना धमकी ना काही. नळाचा वायसर बदलावा लागेल, असं सांगावं तसं.

मी फोन ठेवला. ती पलंगावरून बघत होती.

"काय म्हणाला?"

"काही नाही. हरामखोर आहेत सगळे."

"बिचाऱ्याला खोकला लागलाय," ती म्हणाली. "सकाळपासून मलाही जरा जड जातंय."

६

शनिवारी भर दुपारी शिंप्याची शिडी आणली. त्यानं विचारलं, कशाला? मी म्हटलं, कबुतर काढायला. या खेपेला त्यानं नुसतं शिडीकडे बोट केलं. त्यानं मशीनसुद्धा थांबवलं नाही.

शिडी मधल्या खोलीत लावली. पलंगाच्या उशाशी, म्हणजे खुणेच्या फळीला हात पोचेल अशी. ती कुशीवर वळून बघत होती. ओठांच्या कडा पुन्हा निळसर झाल्या होत्या. वरचा श्वास सकाळपासून मधूनमधून चुकत होता. तो चुकला की ती तोंड उघडायची, परत लागला की मिटायची. अंगणातली ती दोन मिनिटं मला दिसत होती. उद्या अॅम्ब्युलन्स येणार होती. ते नेतील तर ती फाटकातच जीव सोडेल. नाही नेली तर ती इथं, पलंगावर जाईल, आज नाहीतर परवा.

माझं ठरलं होतं, वर कोण आहे ते बघायचं, गचांडी धरायची आणि खाली ओढायचं. मग काय होईल ते होईल. रागात मला बरं सुचतं. पण तीन पायऱ्या चढलो आणि राग कुठं सांडला कोण जाणे.

उशाकडच्या शेवटच्या फळीला खिळे नव्हते. नुसती ठेवली होती. मी ती हातानं उचलली आणि बाजूला सरकवली. आतून ऊब आली, माणूस रात्रभर झोपलेल्या खोलीची असते तशी. पत्रा आणि फळ्या यांच्यात हातभर जागा. अंधार. मी डोकं आत घातलं. डोळे सरावायला वेळ लागला.

आधी पाठ दिसली. शर्टाच्या आत काही आहे की नाही असं वाटणारी पाठ. पालथी, बरोबर पलंगावर, हात दोन्ही बाजूंना पसरून फळ्यांना चिकटलेले. पाठ वर जायची, थांबायची, थरथरायची, खाली यायची. खाली पलंगावर तिची छाती त्याच वेळी. मला दोन्ही एकदम दिसत होतं, एक डोळ्यासमोर, एक पायाखाली.

मी "ए" म्हटलं. आवाज मोठा निघाला नाही.

त्यानं मान वळवली. चेहरा मी सांगणार नाही. मला तो पुरता दिसला नाही, आणि दिसला तेवढा कुणाला सांगण्यासारखा नाही. एवढंच सांगतो, की त्यात राग नव्हता. पाळी संपत आलेला कामगार बदलीच्या माणसाकडे बघतो, तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.

आणि तो सरकला. एक हात फळीवरून सोडवला, मग दुसरा, अंग चोरून पत्र्याच्या उताराकडे सरकला, एवढी जागा नसताना. जिथं तो होता तिथल्या फळ्या गुळगुळीत झाल्या होत्या, खोलगट, खांद्याला खांद्याची जागा, कमरेला कमरेची. तो सरकला त्या क्षणी खाली तिचा श्वास थांबला.

मी खाली बघितलं. ती पलंगावर नव्हती. ती शिडीच्या पायाशी उभी होती, तोंड उघडं, ओठ निळे, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून. किती वर्षांत ती एकटी अशी उभी राहिली नव्हती. तिला बोलायला श्वास नव्हता. पण मला तिचं तोंड वाचता येतं, इतकी वर्षं भांडलोय.

तुमच्यापुरती जागा आहे का, असं ती विचारत होती.

सगळ्या संसारात तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मागितलं असतं तरी मी आधी नाहीच म्हटलं असतं, मग दोन दिवसांनी आणून टाकलं असतं. आता दोन दिवस नव्हते.

"आहे," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, आणि शिडी हलू नये म्हणून पायानं खालून दाबून धरली.